लांबच्या घरी वर्षातून किती वेळा जायचं, हे तुम्ही कसं ठरवता?

संत्रामोगरा
नमस्कार मंडळी. आम्ही वाकडला राहतो. माझं माहेर परतवाडा, सासर देवरुख. एक घर वर वऱ्हाडात, दुसरं खाली कोकणात. एकाकडे जाताना वाटेत दुसऱ्याकडे डोकावलं, असं जन्मात शक्य नाही.

परतवाड्याला आई-बाबा दोघंच. बाबा शहात्तरचे, आई सत्तरी ओलांडलेली. थोडी संत्र्याची बाग आहे. भाऊ बंगळूरला. देवरुखला सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची मुलं आणि नवऱ्याची एक चुलत काकू, जिला मूलबाळ नाही. म्हणजे तिकडे घर भरलेलं आहे.

गौरी-गणपती देवरुखला, यात बदल नाही आणि माझी तक्रारही नाही. दिवाळी आलटून-पालटून. वाद उरलेल्या वर्षाचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, दोन्हीकडे सारख्याच खेपा व्हायला हव्यात, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे धड सांगताही येत नाही. शिवाय मुलगी आठवीत, दोघांच्या रजा मोजक्या. आईला विचारलं तर ती म्हणणार, "काहून एवढा खर्च करता बाप्पा, फोनवर दिसतेच ना मी."

तुमच्या घरी आकडा कसा ठरतो? ठरतो तरी का?

कात्रजचा बोगदा
आमची मावशी हडपसरला आणि आम्ही पिंपळे सौदागरला. ती लांबच्या नातेवाइकांत धरायची का, तेवढं आधी स्पष्ट करा. (हलके घ्या.)

येळवसकर
मी लातूरकडचा, पुण्यात कोंढव्यात. आमच्याकडे आकडा सणांनी ठरायचा. दिवाळी, गावची जत्रा आणि येळवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली अमावस्या, बहुतेक डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोपी, पूजा, भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील. त्या दिवशी पुण्यात बसून राहणं मला अजून जमलेलं नाही.

पण धागाकर्तीचा प्रश्न वाचून एक जाणवलं. येळवशीला मी गावाला भेटतो, भावकीला भेटतो, शाळेतल्या पोरांना भेटतो. आईशी माझं बोलणं होतं ते जेवताना, तेही "अजून वाढू का" एवढंच. ती त्या दिवशी पहाटेपासून चुलीपुढे असते. म्हणून सणाची खेप आई-वडिलांच्या खात्यात धरू नये, असं माझं मत झालंय. ती गावाची खेप. आईसाठी वेगळं जावं लागतं, आणि त्या वेळी कसलाही सण नसलेला बरा.

औषधाचा डबा
येळवसकरांना +१, आणि थोडं पुढचं. मी कर्वे रोडला औषधांच्या दुकानात काम करते. गावाकडच्या आई-वडिलांची औषधं इथून नेणारी मुलं रोज पाहते. तीन महिन्यांचा साठा एकदम नेतात. गोळ्या पोचतात, पण त्या घेतल्या जातात का, हे फोनवर कळत नाही. "घेतल्या का?" "हो, घेतल्या." संपलं.

मी सासऱ्यांकडे नाशिकजवळ जाते तेव्हा गेल्या गेल्या डबा उघडून बघते. रक्तदाबाच्या पट्टीत जितक्या गोळ्या शिल्लक असायला हव्यात तितक्याच आहेत का? फ्रीजमध्ये एकच भाजी तीन वाट्यांत पडलीय का? विजेचं बिल भरलंय का? उठताना हात टेकतात का, जिना चढायचं टाळतात का? व्हिडिओ कॉलवर माणूस खांद्यापर्यंतच दिसतो. गुडघे दिसत नाहीत. वजन उतरलेलं दिसत नाही, कारण फोन हातात धरला की चेहरा मोठाच दिसतो.

यावरून मी ठरवते. सगळं ठीक दिसलं तर पुढची खेप सावकाश. काही खटकलं तर महिन्याभरात परत, मग मधे कोणाचं लग्न असो की काही. वर्षाच्या सुरुवातीला आकडा ठरवून काय उपयोग? जूनमध्ये ठणठणीत असलेला माणूस ऑक्टोबरमध्ये तसाच असेल असं नाही.

सरळरेषा
अल्पमतातला प्रतिसाद. नवऱ्याचं फारसं चुकतंय असं मला वाटत नाही. समान वाटप ऐकायला कोरडं वाटतं, पण संसारात त्यानेच भांडणं टळतात. एकदा "गरज" म्हटलं की गरज कोणाची जास्त, यावर चर्चा सुरू. आज सासूबाईंचा गुडघा, उद्या बाबांचा मोतीबिंदू. वर्षाच्या शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जास्त खेपा झालेल्या असतात. आमच्याकडे कॅलेंडरवर जानेवारीतच खुणा होतात आणि सगळे शांत असतात.

संत्रामोगरा
@सरळरेषा, मुद्दा खोडून काढता येत नाहीये. पण आमच्याकडे मोठा आवाज असलेलं कोणी नाही, हीच पंचाईत आहे. आई कधीच "या" म्हणत नाही. सासूबाईही म्हणत नाहीत, पण दीर म्हणतात, "वहिनी, आई वाट बघतेय." परतवाड्याहून असा निरोप पाठवायला कोणी नाही.

@औषधाचा डबा, पट्टीतल्या गोळ्या मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कऱ्हाडच्या काकू
मी इथे नुसती वाचत असते, आज लिहिते. मी ज्यांच्याकडे जायचं त्या पक्षातली. दोन्ही मुलं पुण्यात, एक धायरीला, एक पिंपरीला. पुण्याहून कऱ्हाड म्हणजे काही परतवाडा नव्हे, तरी सांगते.

तुम्ही शनिवारी दुपारी येता आणि रविवारी जेवून निघता. त्याची तयारी इथे बुधवारपासून सुरू असते. माळ्यावरच्या गाद्या काढायच्या, उन्हात टाकायच्या, चादरी धुवायच्या, सिलिंडर पुरेल का बघायचं, नातवाला आवडतं म्हणून अमुक, सुनेला चालत नाही म्हणून तमुक. तुम्ही गेल्यावर सोमवारी मी आणि हे दिवसभर आडवे असतो. आनंद होतो, खोटं कशाला बोलू? पण शरीर आता ऐकत नाही.

दुसरं, सगळे एकदम येता. दिवाळीला घरात पाय ठेवायला जागा नसते आणि मग शिमग्यापर्यंत चिटपाखरू नाही. अरे, एकेकटे या की! धाकटा मध्ये एकदा कंपनीच्या कामाने कोल्हापूरला गेला होता, परतताना एकटाच उतरला, मधल्या वारी. गादी नको, काही नको, ह्यांच्या शेजारी सतरंजीवर झोपला. रात्री बाप-लेकांनी जमिनीच्या कागदांचं काय करायचं ते बोलून घेतलं, जे दोन वर्षं राहिलं होतं. बायको-मुलं बरोबर असताना ते बोलणं निघतच नाही हो.

आणि येणार ते आधी सांगा. "सरप्राइज" नको. पुढची तारीख माहीत असली की मधले दिवस बरे जातात. तारीख पुढे गेली तरी चालेल, पण एक तारीख असू द्या.

येळवसकर
काकू, दंडवत. हा प्रतिसाद आमच्या घरच्या ग्रुपवर टाकतोय, तुमची हरकत नसेल तर.

कऱ्हाडच्या काकू
टाका. पण माझ्या मुलांच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

अर्धी रजा
काकूंनी "एकेकटे या" म्हटलं त्यावर पुढे. आपल्याकडे नवरा-बायको-मुलं हे एकच सामान समजून सगळीकडे नेलं जातं. त्यात तिकिटं तिप्पट, रजा दुप्पट, मुलांच्या परीक्षा आडव्या. मग खेप वर्षात जेमतेम होते. आम्ही तीन वर्षांपूर्वी सोडवलं: ज्याचे आई-वडील, तो एकटा जातो. एकत्र फक्त सणाला. मी माझ्या आईकडे जळगावला, नवरा त्याच्या आईकडे बार्शीला. मुलगा ज्याच्याबरोबर जायचं त्याच्याबरोबर, नाहीतर इथेच.

सुरुवातीला सासरी कुजबुज झाली, "सून नाही आली?" नवऱ्याने सांगितलं, "मी आलोय ना." हे त्यानेच सांगायला हवं, सुनेने सांगून भागत नाही. आता सासूबाईच म्हणतात की मुलगा एकटा आला की भाजी निवडायला बसतो आणि बोलतो. सून असली की तो मोबाइल घेऊन पडलेला असायचा.

माझी अक्षय्य तृतीया मात्र माहेरचीच, त्यात तडजोड नाही. खान्देशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर तिची आई शेजारणींना काय सांगणार?

सरळरेषा
एकेकटे जाणं मान्य, पण लहान मूल असेल तर मागे राहणाऱ्याचं काय? एकाने कर्तव्य करायचं आणि दुसऱ्याने डबे भरायचे.

अर्धी रजा
पुढच्या महिन्यात उलट होतं. तुमचं समान वाटप तिथे वापरा, तिथे ते शोभतं.

कोथरूडचा न्यूजर्सीकर
मी उलट्या टोकाचा. आई-बाबा कोथरूडला, मी न्यू जर्सीत. म्हणजे माझं "गावी जाणं" म्हणजे पुण्याला येणं. माझ्या बाबतीत आकडा मी ठरवत नाही. व्हिसा, विमानाचं भाडं आणि मुलांची शाळा मिळून ठरवतात. डिसेंबर आणि उन्हाळी सुट्टी, दोन्ही वेळा तिकीट सगळ्यात महाग, आणि मुलांना सुट्टी नेमकी तेव्हाच. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का नवा घ्यायचा असेल तर अर्धी सुट्टी मुलाखतीची तारीख आणि परत जायला मिळेल ना या काळजीत जाते. आई विचारते, "चेहरा का उतरलाय?" काय सांगणार?

म्हणून मी मुलांशिवाय, आडमोसमात एकटा येणं सुरू केलं. आडमोसमात तिकीट स्वस्त, आणि काकू म्हणतात तसं बोलणं होतं. एक पथ्य पाळतो: पहिले काही दिवस कोणाकडेही जेवायला जायचं नाही. पूर्वी मी यायचो तेव्हा काका, आत्या, मामा, चुलत भाऊ, बायकोचे मामा, सगळीकडे एकेक चहा करता करता आई-बाबांच्या वाट्याला फक्त झोपायला यायचो. आता एका रविवारी आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावतो. ज्यांना भेटायचंय ते येतात. थोडे लोक रागावले. चालायचंच.

बहीण हिंजवडीत राहते. संध्याकाळी हिंजवडीहून कोथरूडला यायचं म्हणजे तिलाही रजाच टाकावी लागते, हे मला आधी खोटं वाटायचं.

कात्रजचा बोगदा
बघा! माझा हडपसरचा प्रश्न विनोदी नव्हता.

एसटीवाला
भावना सगळ्यांच्या झाल्या, आता जरा तिकिटांचं बोलू, कारण निम्म्या खेपा रद्द होतात त्या आरक्षण न मिळाल्यामुळे.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी तारीख धरून बसायची गरज गेली, पण साठाव्या दिवशी सकाळी जागं राहायला हवं. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आई-वडिलांना इकडे बोलवायचं तर पूर्ण भाडं धरा. एसटीत उलट आहे. ७५ च्या वरच्यांना राज्यात कुठेही मोफत (ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ ला अर्धं, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. म्हणजे धागाकर्तीच्या बाबांना परतवाडा ते पुणे फुकट आणि आईला अर्धं. पण त्या वयाला रात्रभर एसटीत बसवायचं का, हा वेगळा प्रश्न.

परतवाड्यासाठी: पुणे-अजनी वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. बडनेऱ्याला थांबते. दिवसाची गाडी आहे, त्यामुळे एक दिवस प्रवासात जातो, पण बसून का होईना, माणूस धड पोचतो. रात्री जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेस आहेच. बडनेऱ्याहून अमरावती, तिथून एसटी. देवरुखला रेल्वेचा विचार सोडा, स्वारगेटहून एसटी किंवा स्वतःची गाडी. कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरा किंवा आंबा घाटाने साखरप्याकडून जा. पावसाळ्यात घाटाची अवस्था निघायच्या आधी तिकडच्या माणसाला फोन करून विचारा.

अवांतर: पूर्वी नोव्हेंबरची एक खेप आई-वडिलांच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ठरलेली असायची. आता मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाणपत्र भरता येतं, बँकेत न्यायलाच हवं असं नाही.

येळवसकर
भरता येतं, पण आमचे अण्णा ऐकत नाहीत. नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन रांगेतच उभं राहायचं असतं त्यांना, कारण रांगेत जुने शिक्षक भेटतात. शेवटचं कोण कोण राहिलंय ते तिथे कळतं. मी त्या दिवसाला जातो, गाडीवरून नेतो आणि बाहेर पारावर बसून राहतो. माझ्या मते वर्षातली सगळ्यात उपयोगी खेप ती.

औषधाचा डबा
आई-वडिलांनाच पुण्याला आणा, असं कोणी ना कोणी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. आणून बघितलं. आठव्या मजल्यावर, दिवसभर बंद दार, खाली उतरलं तर बाकावर ओळखीचं कोणी नाही. सासरे सकाळी पेपर वाचून संपला की परतीच्या गाडीची चौकशी करायचे. थंडीत थोडे दिवस आणा, दात-डोळे-तपासण्या उरका, आणि ते कंटाळायच्या आत पोचवून या. पोचवायला गेलात की ती तुमचीही एक खेप होते.

किंचित कडू
सगळे आई-वडिलांबद्दल बोलताय. लांबच्या बाकी नातेवाइकांचं काय? मूळ धाग्यात एक काकू आहेत, त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

माझा अनुभव: चुलत-मामे भावंडांकडे आम्ही जायचो, ते पुण्यात येऊन परत जायचे पण घरी यायचे नाहीत. फोटोवरून कळायचं की शनिवारवाड्यापुढे उभे होते. मी जाणं थांबवलं. लग्नकार्यात भेटतो, गोड बोलतो, पुरे. नातं दोन्ही बाजूंनी चाललं तर चालवायचं. पण जी माणसं येऊच शकत नाहीत, वयामुळे, पैशांमुळे, त्यांना हा नियम लावू नये. त्यांच्याकडे परतफेड न मोजता जावं.

संत्रामोगरा
@किंचित कडू, बरं झालं आठवण केलीत. देवरुखला गेलो की काकूंकडे आम्ही शेवटच्या दिवशी, निघायच्या तासभर आधी, चपला न काढल्यासारखे जातो. आणि त्या प्रत्येक वेळी आमसुलं-कुळीथ बांधून ठेवून वाट बघत असतात. नवऱ्याला हा प्रतिसाद वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की त्याचं अर्धं शिक्षण या काकूंच्या शिवणकामावर झालंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

तर काल रात्री बसून बोललो. समान खेपांवर तो अडून होता, ते त्याने सोडलं. आमचं काय ठरलंय ते लिहिते, चुका काढा.

गौरी-गणपती तिघं देवरुखला, तसंच. त्याखेरीज तो एकटा देवरुखला जाईल, त्याला जमेल तेव्हा, आणि राहायला काकूंकडे. सासूबाई रागावतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दोन घरं सोडून तर आहे. परतवाड्याला मी एकटी. पहिली खेप दिवाळीनंतर, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असेल तेव्हा. बाबा व्यापाऱ्याशी बोलणी करतात, आई बागेतल्या माणसांचा चहा बघते, कोणी माझ्यासाठी काही खास करणार नाही. पुढची कधी, ते तिथे औषधाच्या पट्ट्या बघून. भावाला सांगितलंय की मी ज्या महिन्यात जाईन त्या महिन्यात त्याने जायचं नाही, वेगळ्या महिन्यात जायचं. तो म्हणतो, मग आपली भेट कधी होणार? खरंय, त्याचं उत्तर अजून नाही.

मुलीला विचारलं. तिला दोन्हीकडे यायचंय आणि गणिताचा क्लासही बुडवायचा नाहीये.

सरळरेषा
चूक एकच. जमेल तेव्हा, असं लिहिलंत. जमेल तेव्हा म्हणजे कधीच नाही. नवऱ्याकडून महिना लिहून घ्या.

एसटीवाला
तोडीच्या दिवसांत जाताय, तर आजच साठ दिवस मोजा. दिवाळीनंतरच्या परतीच्या गाड्यांना मरणाची गर्दी असते, पण ती पुण्याकडे येणारी. तुम्ही पुण्याहून जाताय, तुम्हाला जागा मिळेल. परतीचं मात्र त्या तारखेचं आरक्षण उघडेल त्याच सकाळी काढून ठेवा. आणि अमरावतीहून परतवाड्याची शेवटची गाडी किती वाजता, ते वडिलांना विचारा. आगाराच्या फोनपेक्षा त्यांना नक्की माहीत असेल.

कऱ्हाडच्या काकू
छान ठरवलंत. एकच सांगते. तारीख कळवलीत की आईचा फोन येईल, जेवायला काय करू म्हणून. "काही नको" म्हणू नका, त्याने आमची जास्त धावपळ होते, मग आम्ही सगळंच करून ठेवतो. पिठलं-भाकरी म्हणा आणि फोन ठेवा.

संत्रामोगरा
काकू, आमच्याकडे झुणका. सांगते.